यामे म्हणजे थांबा

कराटेच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलींना वाटतं, आज लाथ शिकवणार. मी पहिल्या दिवशी फक्त एक शब्द शिकवते. यामे. शब्द जपानी आहे, अर्थ साधा आहे: थांबा. कुणीही तो उच्चारला की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. हात वर असेल तर वरच ठेवायचा. का थांबवलं ते नंतर विचारायचं. आणि यामे म्हणायचा अधिकार सगळ्यांना. जिला अजून पट्ट्याची गाठ मारता येत नाही अशा चिमुरडीने म्हटलं तरी सगळ्यात मोठीने थांबायचं. कुणाचा हात पिरगळतोय, कुणाचं डोकं आपटणार आहे, हे ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. दिसायला वय लागत नाही.

त्यानंतर मी पळायला शिकवते. मग ओरडायला. नुसतं 'वाचवा' ओरडलं तर स्टँडवरची सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 'निळ्या शर्टवाले दादा, इकडे या' म्हटलं तर निळ्या शर्टवाल्याला यावंच लागतं. मोबाइलमध्ये डोकं घालून चालायचं नाही, एसटीची वाट बघताना पाठीला भिंत असू द्यायची. मारामारीचा नंबर यानंतर लागतो, आणि आयांना ते आवडत नाही. त्यांना फीच्या बदल्यात निदान एक तरी लाथ दिसायला हवी असते.

हे सगळं मला माझ्या सरांनी शिकवलं. नाव लिहीत नाही. महाडला ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सर पेशाने स्थापत्यवाले. दिवसभर ठेकेदारांच्या साइटवर असायचे आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये कराटे शिकवायचे. मी पोलादपूरकडच्या वाडीतली, शिकायला महाडला मावशीकडे राहिलेली. दहावी झाल्यावर वडिलांनी मला परत बोलावलं, तेव्हा सर स्वतः आमच्या वाडीत चढून आले. घामाघूम होऊन ओटीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी माझ्या भरवशावर सोडा." वडिलांनी सोडली. मी पुढे शिकले, काळा पट्टा घेतला, सेफ्टीचा कोर्स केला, एमआयडीसीत नोकरी धरली. त्या एका चढणीचं ऋण मी आयुष्यभर मानत आले. वडिलांच्या पाया मी दिवाळीला पडते. सरांच्या रोज पडायचे.

आंबेनळी घाटात रस्त्याच्या कडेला संरक्षक भिंत बांधायचं काम निघालं. सर तिथे साइट मॅनेजर झाले आणि सेफ्टी बघायला त्यांनी मला बोलावून घेतलं. पगार एमआयडीसीपेक्षा थोडा कमी होता. मी पळत गेले.

घाटातल्या साइटवर सगळ्यात झिजलेला शब्द असेल तर तो 'थांब'. डंपर मागे घेताना दिवसभर तेच चालतं: येऊ दे, येऊ दे, बस, थांब, स्टॉप, अरे थांब की. आमचे पोलादपूरचे गडी, झारखंडची पोरं, तेलंगणातले फिटर, प्रत्येकाची भाषा वेगळी आणि प्रत्येकाचा थांब वेगळा. खरोखर थांबायची वेळ आली की त्या गलक्यात कोण ऐकणार? म्हणून मी सरांना विचारून साइटवर यामे आणला. हा शब्द दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही, वरून काहीतरी खाली येतंय एवढ्यासाठीच. कुणीही म्हणायचं, सगळ्यांनी थांबायचं.

आमच्या गड्यांना नवीन शब्दाची मजा वाटली. दोनच दिवसांत त्यांनी त्याची म्हण करून टाकली: यामे नाय ऐकला तं यम येतो. जेवायच्या सुट्टीत कुणी दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं उचललं की ओरडायचे, यामे, यामे. मी रागवायचे आणि मनात हसायचे. शब्द तोंडी बसला होता, मला तेवढंच हवं होतं.

दरड अचानक आली असं पेपरात येतं. दरड सांगून येते, ऐकणारा जागेवर नसतो. आधी बारीक खडे सुटतात, एकटेदुकटे, कुणी वरून गंमत म्हणून टाकावेत तसे. मुरमातून झिरपणारं स्वच्छ पाणी गढूळ होतं. सरळ उभं झुडूप सकाळी तिरकं दिसतं. यातलं एक जरी दिसलं तरी हत्यारं टाकून बाजूला व्हायचं. हत्यार पुन्हा आणता येतं. आणि ज्याने यामे म्हटलं त्याने माणसांकडे बघत बसायचं नाही, डोंगराकडे बघायचं, कारण पुढचा दगड कुठून सुटतो हे त्यालाच सांगायचं असतं. सरांचं वाक्य होतं: धोक्याकडे तोंड, आपल्या माणसांकडे पाठ. वर्गातही ते हेच सांगायचे. मी ते इतक्यांदा दुसऱ्यांना सांगितलं होतं की ते माझंच वाटायला लागलं होतं.

रोज सकाळी साइटच्या फाटकाशी मी सरांच्या पाया पडायचे. हेल्मेट काढायचं, वाकायचं, हेल्मेट घालायचं. सर म्हणायचे, "अगं, साइटवर नको." म्हणायचे, पण पाय काही मागे घ्यायचे नाहीत. गडी बघायचे. त्यांना ते आवडायचं. आमच्याकडे माणूस किती शिकला यापेक्षा वाकतो की नाही हे आधी बघतात.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. भिंतीच्या एका टप्प्याचं काँक्रीट भरायचं होतं. मिक्सरची गाडी घाटात कुठेतरी अडकून उशिरा पोचली होती. गाडीतला माल फार वेळ थांबला की बसायला, म्हणजे घट्ट व्हायला लागतो, म्हणून सर सकाळपासून तणतणत होते. माल भरायला सुरुवात होणार, तोच मला वर रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरातून खडे येताना दिसले. एक, मग दोन, मग मूठभर. मी दोन्ही हात वर केले आणि यामे म्हणून ओरडले.

सगळे थांबले. पोकलेनवाल्याने इंजिन बंद केलं. माणसं भिंतीच्या पायथ्यापासून मागे सरकली. मी डोंगराकडे तोंड करून उभी राहिले. मला त्या क्षणी माझाच अभिमान वाटला, हे सांगून टाकते. इतकी माणसं एका शब्दावर थांबली होती.

मग डोळ्याच्या कोपऱ्यातून एक हेल्मेट पुढे जाताना दिसलं. आमचाच एक गडी, उमरठकडचा, वयाने माझ्याएवढा. भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीट ठोकायचा व्हायब्रेटर पडला होता, तो उचलायला हा वाकून निघाला होता. मी पुन्हा ओरडले. तो व्हायब्रेटरपर्यंत पोचला होता. दगड आला तो फार मोठा नव्हता, पण त्याच्या गुडघ्याखाली बसला.

त्याला महाडला नेताना गाडीत मी त्याचा पाय धरून बसले होते. तो कण्हत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, शरमलाय. यामे ऐकूनही गेला म्हणून शरमलाय. मला त्याची दया येत होती आणि त्याला थोबाडावं असंही वाटत होतं. पाय वाचला, पण आत सळई घालावी लागली.

चौकशीला ठेकेदार कंपनीचे दोन साहेब आले. कंटेनरच्या ऑफिसात एकेका गड्याला बोलावत होते. मी कोपऱ्यात बसले होते, निवांत. साइटभर माणसांनी ऐकलेली गोष्ट होती, माझ्या पोटात भीती असायचं कारणच नव्हतं.

पहिला गडी म्हणाला, "आवाज काय आला नाय साहेब. मशीन चालू व्हती."

मशीन बंद होती. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी हातानेच गप्प केलं. दुसरा आला. "मी नाय ऐकला." तिसरा, चौथा. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. ज्यांना मी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळायला शिकवला, ज्यांच्या बायकांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, ती माझी माणसं माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगत होती की मी ओरडलेच नाही. परक्या झारखंडच्या पोरांना आणि तेलंगणातल्या फिटरांना साहेबांनी बोलावलंसुद्धा नाही.

शेवटी सरांना विचारलं. सर म्हणाले, "ती माझी विद्यार्थिनी आहे. प्रामाणिक मुलगी. पण त्या दिवशी तिचा आवाज कमी पडला, एवढं मान्य करावं लागेल."

माझा आवाज कमी पडला. माझा. मी फोनवर बोलायला लागले की मावशी म्हणते, सावकाश बोल, सावित्री नदीच्या पलीकडे ऐकू जातंय.

मला वाटलं सरांचा नाइलाज झाला. सगळेच नाही म्हणतात तर ते एकटे काय करणार? दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं मला सांगण्यात आलं. सर रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मी होतो म्हणून पोलिसांपर्यंत गेलं नाही. धीर सोडू नकोस." आणि मी तिथे, घाटातल्या रस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांदेखत त्यांच्या पाया पडले.

सेफ्टीवाल्या बाईच्या डोळ्यांदेखत माणसाचा पाय मोडला, एवढीच बातमी खाली उतरली. या धंद्यात माणसं कमी आणि तोंडं जास्त. दोन ठिकाणी मुलाखतीला गेले, दोन्हीकडे आधी त्या पायाबद्दल विचारलं. मला माझं नाव परत हवं होतं. नोकरी नंतरची गोष्ट. मी ओरडले होते, एवढं एका माणसाने तरी मोठ्याने म्हणावं, बस.

त्या दिवसांत एक विचित्र प्रकार चालला होता. पोलादपूरच्या जीपमध्ये लोक मला उठून पुढची जागा द्यायचे. एक म्हातारी ओळख ना पाळख, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बरा केलास गो बाय." मी म्हटलं, काय बरं केलं? ती नुसतीच मान डोलवत राहिली. मला वाटलं, कीव करतात.

शिमग्याला मी त्या गड्याच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. वाडीत मुंबईची माणसं आली होती, अंगणाअंगणांत खुर्च्या आणि हिंदी गाणी. तो ओटीवर पाय लांब करून बसला होता. त्याच्या बायकोने काळा चहा दिला आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. इकडचं तिकडचं थोडं झालं, मग मी विचारलं, "यामे ऐकलंस ना तू त्या दिवशी? खरं सांग."

"ऐकला की," तो म्हणाला. "सगल्यांनी ऐकला."

"मग का गेलास पुढे?"

त्याने बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरांनी हात केला ना."

"कुठे हात केला?"

"तुमच्या पाठीमागून. व्हायब्रेटर दाखवला आनि असा हात केला, जा, आन म्हनून. मी तुमच्याकडं बघितला, तुमी डोंगराकडं बघत व्हता. सर वरचे ना ताई. तुमी सोता त्यांच्या पाया पडता, मंग आमी काय?"

मी चहा खाली ठेवला. धोक्याकडे तोंड, आपल्या माणसांकडे पाठ. पाठ केली तिकडेच माणूस उभा होता.

"आणि चौकशीत? ऐकलं नाही म्हणून का सांगितलंत?"

आता तो खरंच गोंधळला. "आमाला वाटला तुमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

उत्तर बायकोने दिलं. "तुमी सरांसाटी गप ऱ्हायलाव ना? गुरूचा नाव खराब नको म्हनून. आमी ऐकला असा बोलले असते तर साहेबांनी इचारला असता, मंग ह्यो पुढं गेलाच कसा? मंग सरांचा हात निगाला असता. तुमी गुरूला सांबालताव, तं आमी कशाला मोडता घालू? आख्खी वाडी बोलते, शिष्या असावी तर अशी."

म्हणजे मला जीपमध्ये जागा मिळत होती ती याची. त्यांनी मला देवळात नेऊन बसवलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. खोटं बोलले ते माझ्यावरच्या मायेने बोलले. त्यांच्यावर मी महिनोन् महिने दात खात होते. आता कुणावर दात खायचे तेच कळेना. मी रागाने एवढंच म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मला कुणी विचारलं का?"

"आता सांगशील साहेबांना?" मी त्याला विचारलं.

तो सळई घातलेल्या पायाकडे बघत राहिला. "माजा भाऊ सरांच्या साइटवर कामाला लागलाय ताई."

मी तिथून सरळ महाडला आले आणि सरांच्या घरी गेले. सुट्टीचा दिवस होता, ते पेपर वाचत बसले होते. वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि आत गेल्या. मी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही माझ्या पाठीमागून हात केला होतात?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "कुणी सांगितलं?"

नाही म्हणाले असते तर मी कदाचित अजूनही विश्वास ठेवला असता. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, माझा गेला तो 'कुणी सांगितलं' या दोन शब्दांत गेला.

"मी यामे म्हटलं होतं, सर."

"हो, ऐकलं ना मी. पण माल बसत होता. हे असं वाकायचं आणि उचलून यायचं, एवढंच काम होतं. दर वेळी खडे पडले की दगड पडतो असं नाही."

"मग साहेबांसमोर माझा आवाज कमी पडला म्हणालात."

"दोघांनी बुडून काय मिळवलं असतं? तू तरुण आहेस, पुन्हा उभी राहशील. मला या वयात कोण घेणार?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "खरं सांगू? तू रस्त्यावर पाया पडलीस ना, तेव्हा मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू सांभाळून घेतेयस. घरी येऊन रडलो मी. वहिनींना विचार."

ते रडले असतील. माझा त्यावर विश्वास आहे, आणि त्यामुळेच मला जास्त संताप आला. माझ्या न केलेल्या त्यागावर ते रडून मोकळे झाले होते, रात्री नीट झोपत होते. ज्या माणसाने वडिलांकडून मला भरवशावर मागून घेतलं होतं, त्याने केसाने गळा कापला आणि वर मला मोठ्या मनाची ठरवलं. मी म्हटलं, "मला कळलं नव्हतं. मी मूर्खासारखी वाकले होते. तुम्ही हे साहेबांना सांगा."

"आता जुनं झालं गं. आणि तुझं नाव काही वाईट नाही झालं, लोक किती चांगलं बोलतात तुझ्याबद्दल."

मी उठले. त्यांनी सवयीने पायातली चप्पल बाजूला सारली आणि पाय थोडे पुढे केले. मी दार उघडून बाहेर आले.

त्यानंतर मी गप्प बसले नाही. कंपनीत फोन केला. साहेब म्हणाले, साक्षीदार द्या. झारखंडची पोरं आणि फिटर तोवर दुसऱ्या साइटवर पांगले होते. मी त्या गड्याचं नाव दिलं. त्यांनी त्याला फोन लावला, आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं, आवाज आला नाय. नंतर मला त्याच्या बायकोचा फोन आला. रडत होती. म्हणाली, आमाला यातून सोडा. मी सोडलं. तिचा दीर कामावर होता आणि नवरा लंगडत होता, तिच्याशी मी काय भांडणार?

मग मी दुसऱ्यांना सांगायला लागले. जीपमध्ये, बाजारात, वर्गाच्या दाराशी. मी ओरडले होते, सर्वांनी ऐकलं होतं, सरांनी मागून हात केला होता. मी गुरूसाठी वगैरे काही केलं नाही, मला फसवलं. मला वाटलं होतं, लोकांना सरांचा राग येईल. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी चोरलंय. जीपमधली पुढची जागा गेली. एकाने तोंडावर सांगितलं, ज्याने हात धरून उभी केली त्याच्यावर बोट दाखवते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, चांगली शिकलेली, बँकेत आहे. तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मॅडम, मी तुमचं उदाहरण द्यायचे हिला. गुरूसाठी नोकरी सोडणारी बाई म्हणून. कशाला बोललात? ते खरं नसलं तरी चांगलं होतं."

मी म्हटलं, "मी नोकरी सोडली नव्हती, मला काढली होती. उदाहरण द्यायचं तर ते द्या. मुलीला सांगा, मॅडम यामे म्हणाल्या होत्या आणि त्यांच्या सरांनी माणूस पुढे पाठवला."

"असं कसं सांगायचं लहान मुलीला?" ती म्हणाली. "मग ती उद्या कुणाचं ऐकेल?"

मुलगी दाराशी पट्टा सोडून उभी होती. आईने तिला नमस्कार करायला सांगितला. ती माझ्या पाया पडायला वाकली, तसे मी पाय मागे घेतले आणि तिला दंडाला धरून उभी केली. आईला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगी वर्गाला आली नाही. आता ती सरांच्या वर्गात जाते.